दमयंतीचं ‘हळू’

दमयंती बेहेरेच्या नावात दम होता, अंगात नव्हता. चिंचवडच्या सोसायटीत ती जिना उतरायची तो दोन-दोन पायऱ्या गाळून, दूध तापवायची ते मोठ्या आचेवर, आणि परीक्षेचा पेपर सगळ्यांच्या आधी देऊन बाहेर पडायची. मग दारात पोचल्यावर आठवायचं, की शेवटच्या पानामागेही प्रश्न होते. तिचे वडील शशिकांत बेहेरे जन्मभर एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. एकेका अक्षरावर पेन्सिल टेकवून वाचणारा माणूस, आणि त्याच्या घरात ही अशी लेक! ‘अगं हळू!’ हे दोन शब्द ते दिवसातून इतक्यांदा म्हणायचे, की लहानपणी दमयंतीला ते आपलं आडनावच वाटायचं.

पुढे ती पशुवैद्यक झाली आणि गावोगाव म्हशींचं कृत्रिम रेतन करत फिरू लागली. म्हैस हा सोशिक प्राणी. दमयंतीची सगळी धांदल म्हशींनी पोटात घातली, वर गाभणही राहिल्या. त्यामुळे आपल्या वेगात काही चूक आहे असं तिला वाटायचं कारण नव्हतं. त्याच वेगात तिनं जपानी भाषेच्या परीक्षा दिल्या, अर्ज केला आणि थेट जपानच्या उत्तर टोकाला, होक्काइदोच्या एका विद्यापीठात पीएचडीला जाऊन थडकली. विषय होता थंड प्रदेशातलं रेतन, म्हणजे बाहेर सगळं गोठत असताना नेमकं जे गोठवून आणलंय तेच कसं जगवायचं, हा.

पुराणातल्या दमयंतीला नळ राजा मिळाला. हिला भाड्याच्या खोलीत एकच नळ मिळाला, आणि तोही पहिल्याच थंडीत गोठला. त्या भागात झोपण्याआधी पाइपातलं पाणी काढून टाकायचं असतं. घरमालकिणीनं ते तिला दोनदा सांगितलं होतं, आणि दमयंतीनं दोन्ही वेळा वाक्य पूर्ण व्हायच्या आत ‘हो हो, कळलं’ म्हटलं होतं. प्लंबर येऊन गेल्यावर तिनं वडिलांना फोन केला. ते म्हणाले, “अगं, मी काय म्हणत होतो...”

“बाबा, लेक्चर नको हं. माझी मीटिंग आहे,” असं म्हणून तिनं फोन ठेवला. मीटिंग वगैरे काही नव्हती.

तिच्या प्रोफेसरांनी तिला पाठवलं ते कुदो-सानांच्या हरणांच्या फार्मवर. कुदो-सान सत्तरीचे, कमरेत वाकलेले. ही कंबर वयानं वाकली नव्हती, त्यांच्याच नरानं वाकवली होती. एरवी हातातून गाजर खाणारा हरणाचा नर माजाच्या दिवसांत कुणाच्या बापाला भीत नाही. त्यानं एका शरदात मालकाला शिंगांवर घेऊन कुंपणावर फेकलं होतं. तरी कुदो-सानांनी त्याला शेवटपर्यंत सांभाळलं. यंदाच्या उन्हाळ्यात तो म्हातारा होऊन मेला. आता कळपात उरल्या सगळ्या हरिणी, आणि दुसरा नर आणायचा तर त्याच्यापुढून पळायला मालकाकडे कंबर नव्हती.

म्हणून विद्यापीठाचा प्रयोग. नवरदेव द्रवरूप नायट्रोजनच्या पात्रातून येणार होता, बारीक कांड्यांत गोठवलेलं वीर्य होऊन. शिंगं नाहीत, मानपान नाही, वरात नाही. कुदो-सानांना ही कल्पना फार आवडली. ते त्या पात्राला वाकून नमस्कारच करायचे.

पण त्यांनी पहिल्याच दिवशी चहा ओतता ओतता तिला एक गोष्ट सांगून ठेवली. “दामा-सान, एक पाडस. एक जरी झालं तरी मी फार्म चालू ठेवीन. नाहीच झालं, तर पुढच्या शरदात बंद करायचं, असं मुलाला कबूल केलंय. मग सगळ्या जातील.”

कुठे जातील ते त्यांनी सांगितलं नाही. हरणाच्या मांसावरच फार्म चालायचं, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण या उरलेल्या माद्या त्यांनी कधीच गाडीत चढवल्या नव्हत्या. प्रत्येकीला नाव होतं. कुदो-सान रोज सकाळी एकेकीला नावानं हाक मारायचे, आणि हरिणी कान हलवून हजेरी लावायच्या. मुलगा तिकडे तोक्योत, तोयोसुच्या एका उंच इमारतीत कॉम्प्युटरपुढे बसायचा. त्याच्या ऑफिसात अर्धी माणसं पुण्याचीच होती म्हणे. ‘ओतोसान, आता पुरे’ असं तो वडिलांना दर रविवारी फोनवर सांगायचा, आणि त्याचंही चूक नव्हतं.

दमयंती म्हणाली, “एक कशाला, कळपभर होतील!” तोंडाचा वेगही तिच्या पायांइतकाच होता.

पहिली रंगीत तालीम म्हणजे रंगीत फजितीच झाली. रेतनाच्या दिवशी हरिणींना अंधाऱ्या शेडमध्ये एकेक करून उभं करायचं, त्याची सवय त्यांना आधीपासून लावायची होती. दमयंती आली ती नव्या कोऱ्या जाड नायलॉनच्या जॅकेटात. थंडी पडली होती, जॅकेट महागाचं होतं आणि दर पावलाला त्याची बाही अंगाला घासून ‘सर्र सर्र’ वाजत होती. तिला ऐकू आलं नाही. हरिणींना आलं. पुढच्या क्षणी सगळा कळप उधळला, आणि कीकू नावाची हरिणी धाडकन कुंपणावर आदळून खाली बसली. भोवती बर्फ, आणि तिच्या तोंडातून वाफांचे लोट.

म्हैस घाबरली तर लाथ मारते आणि विषय संपतो. घाबरलेलं हरीण आतून तापतं. बाहेर बर्फ पडत असला तरी तापतं, आणि वरून धडधाकट दिसत असतानाच एक-दोन दिवसांत मरूनही जातं. भूल देऊन शांत करावं, तर थंडीत अंग गार पडतं आणि ते परत उठेलच याचा भरवसा नसतो. म्हणजे उपाय एकच: त्याला घाबरूच द्यायचं नाही. दमयंतीनं हे सगळं वाचलेलं होतं. वाचून झटकन पान उलटलेलं होतं.

कीकू वाचली. कुदो-सान तिच्यापासून थोड्या अंतरावर नुसते बसून राहिले, आणि संध्याकाळपर्यंत ती उठून चरायला लागली. ते दमयंतीला एका शब्दानं बोलले नाहीत. जपानी माणूस रागावला की जास्त नम्र होतो, हे तिला एव्हाना कळलं होतं. त्या दिवशी कुदो-सान इतके नम्र झाले, की तिला जीव नकोसा झाला. निघताना त्यांनी तिला आपला जुना लोकरी अंगरखा दिला. तो वाजत नव्हता. त्याला कळपाचा वास होता.

मग दमयंती रोज जाऊ लागली. लोकरी अंगरखा, आईनं विणलेली कानटोपी आणि तळव्याला जाड फेल्ट लावलेले बूट. काम काहीच नाही. शेडमध्ये जायचं, उभं राहायचं, परत यायचं. जपानीत हरणाला म्हणतात ‘शिका’. मराठी माणसाला ही आज्ञाच वाटते, आणि दमयंतीनं ती निमूट पाळली. पण नुसतं उभं राहणं तिच्या रक्तात नव्हतं. पाय सुटायला बघायचे, हात काहीतरी उचलायला धावायचे. मग ती स्वतःलाच पुटपुटत दटावायची, अगदी बाबांच्या सुरात, “हळू... हळू...” जन्मभर ज्या शब्दाचा तिनं राग राग केला, तोच आता तिच्या तोंडी बसला होता. बाबांना मात्र तिनं हे कळू दिलं नाही. आयतं कोलीत कोण देणार?

नोव्हेंबर लागला आणि दिवस ठरला. सगळ्या हरिणी एकदम माजावर याव्यात म्हणून औषध देऊन झालं होतं. त्या सकाळी बर्फ भुरभुरत होतं. कुदो-सानांनी मदतीची जय्यत तयारी केली होती. थंडीत लोक खिशात घालतात त्या गरम पुड्या, काइरो, त्यांनी पेटीभर आणल्या होत्या आणि रेतनाच्या बारीक नळकांडीला, म्हणजे ‘गन’ला, गुंडाळायला एक पुडी ते फोडणार तोच दमयंतीनं त्यांचा हात धरला.

“कुदो-सान, नको! शुक्राणूंना थंडी बाधते तशी उष्णताही बाधते. आत उकडून निघतील सगळे.”

“मग गरम ठेवायचं कसं?”

“माणसाच्या अंगाला लावून. त्याच्यापेक्षा भरवशाचं काही नाही.”

कांडी पात्रातून काढायची, थर्मासमधल्या कोमट पाण्यात धरून वितळवायची, पुसायची, गनमध्ये भरायची आणि गन लगेच पाठीशी, स्वेटरच्या आत खोचायची. धातू पाठीला टेकला की पहिल्यांदा अंगावर शहारा यायचा. मग हरिणीच्या मागे जाऊन, छोट्या दिव्याच्या मंद उजेडात, पाठीतून गन काढायची ती शेवटच्या क्षणी. घाई केली तर हरीण दचकणार, वेळ लावला तर कांडी गार पडणार. घाई न करता वेळ न लावणं! दमयंतीच्या आयुष्यात असली कसरत कधी आली नव्हती.

कुदो-सान हरिणीच्या डोक्याशी उभे. दमयंती मागे. शेडमध्ये चिटपाखरूही बोलत नव्हतं, फक्त तिचं पुटपुटणं. “हळू... हळू...”

कुदो-सानांनी चमकून वर पाहिलं. मग त्यांच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर असं काही हसू पसरलं, की दमयंतीला अंधारातही दिसलं. त्यांनी हरिणीच्या कानाशी वाकून तेच म्हटलं, “हारू... हारू...”

माणूस मराठी शिकतोय! दमयंतीला भरून आलं. त्यानंतर दर हरिणीला ती मागून ‘हळू’ म्हणायची आणि ते पुढून ‘हारू’.

सगळ्यांत शेवटी कीकू. ती दारातच अडली. कुंपणावरची टक्कर ती विसरली नव्हती, आणि टक्कर कुणामुळे झाली तेही. जुनी दमयंती असती तर तिनं हरिणीला मागून रेटलं असतं. ही दमयंती भिंतीला टेकून उभी राहिली. कांडी तिनं पात्रातून काढलीच नाही. नवरदेवाला आधीच बाहेर काढून ताटकळवायचं नव्हतं. पायाची बोटं बधिर झाली, नाक वाहायला लागलं, हातरुमाल काढला तर सळसळ होईल म्हणून तिनं नाक तसंच वाहू दिलं. केव्हातरी कीकूनं एक पाऊल आत टाकलं. मग आणखी एक. मग येऊन तिचा अंगरखा हुंगला आणि जागेवर उभी राहिली. तेव्हाच कांडी बाहेर आली.

संध्याकाळी दमयंतीनं घरी फोन केला. “बाबा, कुदो-सान चक्क मराठी बोलायला लागलेत! ‘हळू’ म्हणतात. फक्त ‘हारू’ होतं त्यांचं.”

“ळ नाही येत ना त्यांना?” मुद्रितशोधकाचा जीव लगेच त्या अक्षरात अडकला. मग त्यांना पुढचं सुचलं. “पण त्यांनी हा शब्द ऐकला कुणाकडून?”

“बाबा, मीटिंग आहे,” दमयंती म्हणाली.

जानेवारीच्या अखेरीस गाभण तपासणी झाली. सोनोग्राफीचं छोटं यंत्र घेऊन दमयंती एकेक हरिणी बघत गेली. पहिली रिकामी, दुसरी रिकामी. प्रोफेसरांनी आधीच बजावलं होतं, की हरणात गोठवलेल्या कांडीचं पहिल्या वर्षी फारसं जमत नाही. ते तिला पटलंही होतं. पण कुदो-सान दर वेळी मान उंचावून तिच्या तोंडाकडे बघायचे, आणि दर वेळी तिला नकारार्थी मान हलवावी लागायची. पटलेल्या गोष्टीही अशा वेळी कामाला येत नाहीत. शेवटी राहिली कीकू, आणि कीकू शेडकडे फिरकेचना.

“धरून आणू?” कुदो-सानांनी विचारलं.

दमयंतीचा जीव वरखाली होत होता. बघितलं की कळणार होतं, आणि कळण्यासाठी तर ती तडफडत होती. पण बाहेर कडाक्याची थंडी, बर्फाखाली निसरडं. पळाली, घसरली, तापली, तर? पोटात काही असलंच तर तेही जाणार.

“नको,” ती म्हणाली. हे आपणच बोललो यावर तिचा विश्वास बसेना. मग मात्र तिला रडू फुटलं. “माफ करा, कुदो-सान. मी कळपभर म्हणाले होते.”

“पण तुम्ही मला शब्द दिलाय ना,” कुदो-सान शांतपणे म्हणाले.

“मी? कसला?”

“हारू. एकेका हरिणीला तुम्ही सांगत होतात. हारू, हारू. मी तेव्हाच मुलाला फोन करून कळवलं, की डॉक्टरीणबाई म्हणतायत, वसंतात होईल.”

दमयंती रडायची थांबली. हारू म्हणजे वसंत ऋतू. जपानीच्या पहिल्या पुस्तकातला पहिल्या धड्यातला शब्द! तिनं तो इतक्या भरभर पाठ केला होता, की समोर येऊन उभा राहिला तरी ओळखला नव्हता. कुदो-सान समजत होते की ती जपानी बोलतेय, आणि ती समजत होती की ते मराठी बोलतायत. ती आपल्या पायांना दटावत होती, आणि म्हातारा दर हरिणीमागे एक पाडस मोजत होता.

खरं सांगून टाकावं म्हणून तिनं तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा ते तिनं काही न बोलता मिटलं. नकळत का होईना, शब्द दिला गेला होता. आता तो परत घेण्यापेक्षा खरा होण्याची वाट बघणं बरं, असं तिला वाटलं. त्यासाठी करण्यासारखं काहीच नव्हतं, हीच तर शिक्षा होती.

मार्च गेला. एप्रिलमध्ये तोक्योजवळच्या ग्योतोकुहून तिची मैत्रीण चैत्राली साकुराचे फोटो पाठवायला लागली; दमयंती ते न बघताच पुसायची. तिकडे फुलं गळूनही गेली आणि हिच्या खिडकीबाहेर अजून बर्फाचे ढिगारे. मे महिन्यात इकडची साकुरा फुलली, झडली. कीकूचं पोट भरल्यासारखं दिसायचं, पण हिरव्या गवतावर सगळ्यांचीच पोटं तशी दिसतात. जून अर्धा सरला तेव्हा दमयंतीला राहवेना.

“कुदो-सान, वसंत तर संपला.”

“कुणी सांगितलं?” कुदो-सान कुंपणाची तार ओढत म्हणाले. “माझ्या फार्मवर अजून आलेला नाही.”

दोन-तीन दिवस कीकू कळपातून बाजूला राहिली. मग एका सकाळी कुदो-सानांचा फोन आला, आणि ते एवढंच म्हणाले, “दामा-सान, या. पळत नका येऊ.”

ती पळत गेली नाही. कुंपणाशी जाऊन उभी राहिली. उंच गवतात कीकू काहीतरी चाटत होती, आणि ते काहीतरी ओलं, ठिपक्याठिपक्यांचं होतं. मादी. कुदो-सानांनी त्याआधीच तोयोसुला फोन केला होता. शरदात फार्म बंद होणार नव्हतं. त्यावर मुलानं एवढंच विचारलं म्हणे, की ‘नाव काय ठेवलंत?’

नाव ठरलेलंच होतं.

दमयंतीनं खिशातून मोबाइल काढून हलक्या हातानं बाबांना व्हिडिओ कॉल लावला, आवाज अगदी बारीक ठेवला. चिंचवडला तेव्हा पहाटच होती. आई-बाबा दोघंही अर्ध्या झोपेत चष्मा शोधत स्क्रीनवर आले. पाडस नेमकं त्याच वेळी उठायला निघालं. पुढचे पाय टेकायच्या आत मागचे उचलले, आणि कोलमडलं. लगेच पुन्हा उठलं, पुन्हा तोंडावर. जराही दम नाही.

“अगं हळू!” शशिकांतराव झोपेतच ओरडले.

“हारू,” कुंपणावर टेकून कुदो-सानांनी तिला नावानं हाक मारली. “हारू, हारू.”

पाडस चारही पाय फाकवून, थरथरत उभं राहिलं. कीकूनं त्याला नाकानं सावरलं. कुदो-सान बाहीनं डोळे पुसत होते, आणि दमयंतीही तेच करत होती.

“ऐकलंस?” बाबा आईला म्हणत होते. “माझ्यासारखंच सांगतायत बघ तिला. किती काळजीचा माणूस आहे!” मग ते फोनच्या जवळ आले. “पण दमू, अजून ळ जमत नाहीये गं त्यांना. दुरुस्त कर की एकदा.”

“करीन बाबा,” दमयंती पाडसावरची नजर न हलवता म्हणाली. “घाई काय आहे?”

चिंचवडला बाबांनी चष्मा काढून पुसला आणि आईला विचारलं, “ही आपलीच दमू ना?”